पट्टीवरचं नाव

डिलाईल रोड, मुंबई
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. भिवा यास दगडूचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला उशीर झाला, माफ कर. हे वाक्य सगळेच लिहितात, पण त्यांचा उशीर महिन्या-दोन महिन्यांचा असतो. आपला एकोणीस वर्षांचा आहे. आईच्या बाराव्याला गावी भेटलो ते शेवटचं. त्या दिवशी जे झालं ते या पत्रात नको. तुझी तब्येत कशी आहे? ललिता बरी आहे ना? वैभव आता मोठा बाप्या झाला असेल. यंदा कलमांना मोहोर धरलाय की तुडतुड्याने खाल्लाय?

मी हॉस्पिटलात आहे, पण घाबरू नकोस. घाबरायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी नीट करतोय. गेल्या शुक्रवारी सकाळी लघवी अडली. दुपारपर्यंत अंगात एवढा ताप भरला की शेजारच्यांनी मला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. त्या गडबडीत गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. माझा राहुल म्हणतो, केला होता. पण राहुल बदलापूरला राहतो, त्याला काय माहीत? मग मी मनाला सांगतो, चाळ जळली असती तर इथे कळलं असतं, म्हणजे बंदच असेल.

हॉस्पिटल लहान आहे. आपल्या नाक्यावर मंडळाची व्यायामशाळा होती बघ, मुंबईतल्या तुझ्या त्या आठ महिन्यांत तू जिथे मलखांबाला लटकायचास, तीच जागा. मंडळाच्या लोकांनीच वर्गणी जमवून तिथे वीस खाटा घातल्या. मलखांब पुरला होता बरोबर तिथे माझी नऊ नंबरची खाट आहे असं मला वाटतं. जाईबाई म्हणतात, नाही, तिथे आता संडास आहे. जाईबाई म्हणजे इथल्या आया. सगळा वॉर्ड त्यांच्या धाकात असतो, डॉक्टरसुद्धा.

मला नळी घातली आहे आणि पिशवी खाटेला लटकते. पहिले दोन दिवस मान वर करायची लाज वाटली. आता मीच पिशवीवरचा आकडा वाचून सिस्टरला सांगतो. आतली एक ग्रंथी सुजली आहे, या वयात पुष्कळ पुरुषांची सुजते म्हणे. ताप पुरता उतरला की ऑपरेशन. मंगळवार पंचवीस तारीख दिली आहे. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. तू कुणकेश्वराला जाशीलच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे पडल्या पडल्या बघण्यासारखं इतकं आहे की दुखणं अर्धं विसरायला होतं. बोटाला एक चिमटा लावतात, आत लाल दिवा पेटतो, आणि अंगात हवा किती ते डब्यावर दिसतं. नख कापत नाहीत, रक्त काढत नाहीत. मग त्याला कळतं कसं? शेजारी दहा नंबरला वसंतराव म्हणून आहेत, शिवाजी पार्कचे, बँकेत मोठ्या जागेवर होते. त्यांचा आकडा सत्त्याण्णव आणि माझाही सत्त्याण्णव. मला वाटलं होतं त्यांचा जास्त येईल.

शंतनु डॉक्टर आहेत. वयाने नातवासारखे, पण आमच्याशी बोलताना स्टूल ओढून बसतात, उभ्याने बोलत नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाले, "उभा राहिलो की पेशंटला वाटतं मी निघालोय. मग तो विचारायचं ते विचारतच नाही." हे त्यांना कोणी शिकवलं असेल? कॉलेजात शिकवतात का?

आणि एक नवल आहे. इथे दिवसातून दहा वेळा नाव विचारतात. गोळी द्यायची, नाव सांगा. सुई द्यायची, नाव सांगा. रक्त न्यायचं, पूर्ण नाव सांगा. आकांक्षा म्हणून सिस्टर आहे, माहीमच्या कोळीवाड्यातली, बोलायला फटकळ पण हाताला हलकी. तिला मी म्हटलं, "पोरी, सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं. तू विसरतेस का?"

ती म्हणाली, "आजोबा, मला पाठ आहे तुमचं नाव. पण ते मी नाही बोलायचं, तुम्ही बोलायचं. मी विचारलं, तुम्ही अमुकच ना, तर घाबरलेला माणूस कशालापण हो म्हणतो. मग त्याची गोळी ह्याला."

मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी बांधली आहे, तिच्यावर नाव छापलं आहे. मी बोलतो ते आणि पट्टीवरचं जुळलं की गोळी मिळते. माझंही जुळतं. ते असो.

हे पत्र जाईबाईंकडे देतो, त्या पोस्टावरूनच घरी जातात. राहुलकडे वैभवचा फोन नंबर आहे, पण मागितला तर तो हजार प्रश्न विचारील. शिवाय फोनवर मला काही सुचत नाही. कागद बरा, तो मधे बोलत नाही.

तुझा थोरला भाऊ,
दगडू


खाट नंबर ९
रविवार, ता. १६ फेब्रुवारी

चि. भिवा यास आशीर्वाद.

मागचं पत्र तुला मिळालं नाही. ते माझ्याच उशीखाली आहे. का ते ऐक, तुला हसू येईल. तू हसलास तर मला बरंच वाटेल.

बुधवारी जाईबाईंनी पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला आणि पत्ता मोठ्याने वाचला. "श्री. भिवा सोमा घाडी. अहो आजोबा, हे तर तुमचंच नाव!"

मी पिशवीवरचा आकडा वाचायला लागलो.

त्यांनी पाकीट उलटं केलं. "आणि पाठवणार दगडू. हा दगडू कोण?"

मी म्हटलं, "गावचा आहे."

"गावचा माणूस मुंबईहून गावाला पत्र पाठवतो? ते पण तुम्हाला? आणि तुम्ही इथे?" त्या माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या. ताप नव्हता. ताप असता तर बरं झालं असतं. पाकीट घेऊन त्या सरळ सिस्टरच्या टेबलाकडे गेल्या आणि दुपारपर्यंत वॉर्डभर झालं की नऊ नंबरचे आजोबा स्वतःलाच पत्रं लिहितात. संध्याकाळी पाकीट तसंच माझ्याकडे परत आलं.

तर भिवा, माझ्या मनगटावर काय छापलंय ते तुला आता कळलं असेल. तुला ते चौपन्न वर्षांपासून ठाऊक आहे. भिवा सोमा घाडी, वय चौऱ्याहत्तर. वयही तुझंच. माझं शहात्तर, पण कागदावर मी दोन वर्षांनी तरुण आहे. आधार कार्ड, रेशन कार्ड, फंडाचे कागद, सगळीकडे तेच. तुझ्याही आधार कार्डावर तेच असणार. राहुल भिवा घाडी आणि वैभव भिवा घाडी, दोन भावांची दोन पोरं आणि बाप एकच. आणि दगडू सोमा घाडी नावाचा माणूस सरकारदरबारी जन्मालाच आलेला नाही.

मुंबईत मला दगडू म्हणणारं आता कोणी उरलं नाही. शांताला ठाऊक होतं, पण ती अहो म्हणायची, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. राहुल तुला नुसता गावचा काका म्हणतो. काकाचं नाव त्याने कधी विचारलं नाही, मी कधी काढलं नाही.

मला कळलं नव्हतं, पण गोंधळ पहिल्या दिवसापासूनच झाला होता. तापात नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून दगडू निघालं होतं. कागदावर भिवा. सिस्टरने लिहून ठेवलं, पेशंट नाव सांगताना गोंधळतो. पुढे मी भिवा सांगायला लागलो, पण दर वेळी अर्धा श्वास थांबून. तेही तिने पाहिलं होतं. आता वर हे पत्र.

गुरुवारी शंतनु डॉक्टर स्टूल ओढून बसले. म्हणाले, थोडे प्रश्न विचारतो, गंमत समजा. आज वार कोणता? सांगितला. आपण कुठे आहोत? म्हटलं, "व्यायामशाळेत." त्यांचा चेहरा पडला, तेव्हा पुढचं सांगितलं की आधी व्यायामशाळा होती, आता हॉस्पिटल आहे, दुसरा मजला नंतर चढवला. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनवर येऊन थांबलो आणि विचारलं, आता सात जात नाहीत, काय करू? आंबा, खुर्ची, नाणं हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, तेही बरोबर सांगितले. घड्याळ काढलं, अकरा वाजून दहा मिनिटं.

मग म्हणाले, "छान. आता नाव सांगा."

भिवा, इतका वेळ सगळं खरं खरं सांगत होतो. तीसपैकी तीस मिळवत होतो. आणि त्याच दमात ते सांगायचं म्हणजे कसंतरीच झालं. मनगटावरची पट्टी फिरवत बसलो.

"आजोबा," ते हळूच म्हणाले, "हा तर सगळ्यात सोपा प्रश्न आहे."

पलीकडून वसंतराव म्हणाले, "डॉक्टर, आमच्या बँकेत सही जुळली नाही तर खऱ्या माणसालाही आम्ही परत पाठवायचो. आणि जुळली तर खोट्यालाही चहा." ते थट्टेने बोलले. मी मात्र चादर डोक्यावर घेतली.

काल राहुल आला. त्याला सगळं कळवलं होतं. तो वाकून, लहान पोराशी बोलतात तसा मोठ्याने बोलला, "बाबा, मी कोण? ओळखलंत का?"

म्हटलं, "तू राहुल. आणि बूट घालून वॉर्डात आलायस, ते बाहेर काढून ये. जाईबाई बघतील."

तो हसला, पण डोळे पुसले. आपला बाप आता हळूहळू सगळं विसरणार असं त्याने मनात धरलंय. जाताना माझ्या उशाशी मोठ्या अक्षरात कागद लावून गेला, तुमचं नाव भिवा, तुमचा मुलगा राहुल. मी दिवसभर तो कागद बघतो. त्यातलं अर्धं खरं आहे.

डॉक्टर म्हणतात, माणसाला आपण कशावर सही करतोय ते कळत नसेल तर त्यांना ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, मोठ्या डॉक्टरना दाखवावं लागेल. आणि ही नळी फार दिवस ठेवली तर ताप पुन्हा येईल. म्हणजे बघ, डोकं ठिकाणावर आहे हे दाखवायचं तर खोटं न अडखळता बोलायला पाहिजे. आणि खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, आधीच मी स्वतःला पत्रं लिहिणारा?

हेही पत्र उशीखाली ठेवतो. पिशवीत आज रंग स्वच्छ आहे.

दगडू


खाट नंबर ९
मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी

भिवा,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आधी वाच, मग घ्यायचे तर घे.

काल सकाळी आकांक्षा सिस्टर पट्टी बदलायला आली, जुनी भिजली होती. कात्रीने कापली आणि नवी बांधायच्या आधी माझं मोकळं मनगट हातात धरून म्हणाली, "आजोबा, आता हातावर काही नाही. कोण ते सांगा. दगडू कोण?"

मी म्हटलं, "मी."

ती हसली नाही, कपाळालाही हात लावला नाही. ट्रे बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मग भिवा कोण?"

मी तिला सांगितलं. आधी आईचं सांगितलं, की माझ्याआधीची दोन तिने पुरली, म्हणून मला दगडू ठेवलं. आई म्हणायची ना, "दगडाक यम कशाक उचलतलो?" सिस्टर म्हणाली, त्यांच्याकडेही असं करतात, तिच्या आजोबांना केरू म्हणायचे, केर कोण नेणार म्हणून. मी जगलो, मग तू झालास, आणि आईची भीती मोडली होती म्हणून तुला आपल्या आजोबांचं चांगलं नाव मिळालं.

मग तिला मिलचं सांगितलं. तू सातवी पास, दाखला तुझ्याकडे, म्हणून मिलचं तिकीट, कामावर घेतल्याचं कार्ड, तुझ्या नावाने निघालं. आठ महिन्यांत तुझी छाती धरली आणि तू बोटीने गावी गेलास. तू बरा होईपर्यंत तुझ्या जागी कापड विणायच्या साच्यावर मी उभा राहिलो. तेव्हा असं पुष्कळ चालायचं, मुकादमाला नाव दिसत नसे, हात दिसायचे. इथपर्यंत सगळं तुझ्या संमतीनेच होतं. सिस्टर म्हणाली, "मग ह्यात तुमची काय चूक?"

तेव्हा मी थांबलो. तिला पुढचं सांगितलं नाही. ते तुझं आहे, ते आधी तुला सांगायला हवं.

शिमगा झाल्यावर तू परत आलास. मिलच्या दारात उभा होतास, दाढी करून, नवा सदरा घालून. म्हणालास, "आता बरो आसय. उद्यापासून मी येतंय." आणि मी तुला सांगितलं, मुकादम म्हणतो छातीचं दुखणं झालेल्याला परत घेत नाहीत.

मुकादम असं काही म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलंच नव्हतं. भिवा, मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्याच महिन्यात मी कायम झालो होतो, म्हणजे तू कायम झाला होतास, आणि शांताच्या घरी माझं बोलणं लागलं होतं. विचारलं असतं तर त्याने कदाचित तुला घेतलंही असतं आणि मला दुसरीकडे चिकटवलं असतं. मुकादम वाईट नव्हता. पण कदाचितवर सोडायला मी तयार नव्हतो.

तू भांडला नाहीस. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना एवढंच म्हणालास, "मुकादमान येकदा तरी माका बघूक होया होतां." मी मान हलवली, जसं काही मलाही त्याचा राग आलाय.

आणि मग आईच्या बाराव्याला, सगळी भावकी जेवायला बसलेली, तेव्हा तू म्हणालास, "माझां नाव तुझ्याकडे रवलां. तेवढां परत दी." मला वाटलं तुला खरं कळलं. मी घाबरलो, आणि घाबरून हसलो. म्हटलं, नाव म्हणजे काय पेजेची वाटी आहे, परत द्यायला? सगळे हसले. तू पानावरून उठलास. एकोणीस वर्षं मी मनात म्हणतोय की तू उगाच तापलास. तू उगाच तापला नव्हतास.

एवढंच होतं. लिहायला दोन पानंसुद्धा लागली नाहीत.

सिस्टरने जेवढं ऐकलं तेवढं डॉक्टरांना सांगितलं. ते स्टूल घेऊन आले. वाटलं, आता पोलीस बोलावतात. ते म्हणाले, "तुमचं रक्त इथेच तपासलं, ते तुमचं आहे. दुखणंही तुमचंच. कागदाचं काय करायचं ते नंतर वकिलाला विचारा, मला त्यातलं कळत नाही. तुमचं डोकं शाबूत आहे ना, मला एवढंच बघायचं होतं. पंचवीसला ऑपरेशन करू." मग उठता उठता पुन्हा बसले. "ऑपरेशनच्या दिवशी तीनदा नाव विचारतात. वॉर्डात, दारात आणि शेवटी टेबलावर, भूल द्यायच्या आधी. फाइलवरचंच नाव सांगावं लागेल, पण अडखळू नका. तेवढं मनाशी ठरवून या."

वसंतरावांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "म्हणजे घाडी, आठवडाभर मी कोणाशी गप्पा मारत होतो?" म्हटलं, "माझ्याशीच."  मग त्यांनी आपलं संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

आता मला काय भीती वाटते ते सांगतो. मरणाची नाही, म्हणजे तीही आहे. पण टेबलावर मी भिवा म्हणालो आणि मग उठलोच नाही, तर कागद निघेल की भिवा सोमा घाडी वारले. तू तिथे अंगणात सुपारी कातरत बसलेला असशील, जिवंत, आणि इथे तुझ्या नावाचा मृत्यूचा दाखला निघेल. दगडू मेल्याचं कुठेच लिहिलं जाणार नाही, कारण तो नव्हताच. तुला परत द्यायला मग माझ्याकडे काही उरणार नाही. जे घेतलं ते मी संपवूनच टाकलेलं असेल.

म्हणून विचारतो. चौपन्न वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, तेव्हा विचारलं नाही. हे नाव येत्या मंगळवारपुरतं वापरू का? तू नको म्हणालास तर मी डॉक्टरना सांगेन की कागद सुधारेपर्यंत थांबा, नळीसकट घरी जातो. तू हो म्हणालास तर अडखळणार नाही. आणि वाचलो तर वकिलाकडे जाऊ, दोघं मिळून, आणि काय ते सरळ करू. राहुलला मी अजून सांगितलेलं नाही. तो शनिवारी येईल, तेव्हा सांगतो. उशाशी लावलेला त्याचा कागद मात्र आज मीच काढला.

एक गंमत राहिली. इथे घरी जायच्या आधी एक कागद भरून घेतात, आमची काळजी कशी घेतली म्हणून. चार चेहरे काढलेले असतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यावर खूण करायची. मी जाईबाईंकडून आधीच मागून घेतला, मंगळवारनंतर राहून जायला नको. सगळीकडे हसऱ्यावर खूण केली, जेवणावर सोडून. डाळीला मीठ नसतं. खाली नावाची रेघ होती आणि कंसात लिहिलं होतं, इच्छा असल्यास. मी जाईबाईंना विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "मनात असेल तर लिहा, नसेल तर राहू दे." भिवा, आजवर कुठल्या कागदाने मला असं विचारलं नव्हतं. मी दगडू सोमा घाडी लिहिलं. 'द' वाकडा आला, सवय नाही.

उद्या शिवजयंतीची सुट्टी, पोस्ट बंद. म्हणून तिन्ही पत्रं एकाच पाकिटात घालून आजच जाईबाईंकडे देतो, स्पीड पोस्टाने. शुक्रवारी पोचायला हवं. शनिवारी पोचलं तरी चालेल. पोस्टमन अजून तुमच्या वाडीत वर चढून येतो ना, की खाली दुकानातच टाकून जातो? दुकानात चौकशी कर. वैभवला सांग, या हॉस्पिटलाचा नंबर पाकिटावर आहे, सिस्टर मला फोन आणून देतील.

तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आलास तर एक लक्षात ठेव. आपल्यात दोनच वर्षांचं अंतर, तू मला कधी दादा म्हटलं नाहीस, नावानेच हाक मारायचास. ती सवय खालच्या चौकशीच्या खिडकीवर चालायची नाही. दगडू घाडी कुठे आहे म्हणून विचारलंस तर ते म्हणतील, असा पेशंट इथे नाही. तिथे तू तुझं स्वतःचंच नाव सांग. ते तुला माझ्याकडे घेऊन येतील. वर आल्यावर मग काय हाक मारायची ते तुझं तू बघ.

हो म्हण, नको म्हण, शिव्या दे. पण मंगळवारच्या आत दोन शब्द लवकर कळव रे.

वाट बघणारा,
दगडू